डिझेल गाडीचे खरे ॲव्हरेज : तीन घरांच्या वहीतून

मंडळाचा कोणताही कार्यक्रम संपला, की चहाचे कप हातात घेऊन पार्किंगमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : "गाडी ॲव्हरेज किती देते?" उत्तरेही ठरलेली. कोणी म्हणतो अठरा, कोणी म्हणतो "हायवेला वीस आरामात", आणि एखादे काका नुसते हसून "विचारूच नका" म्हणतात. गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात अशाच गप्पा चालल्या होत्या. तेव्हा आम्ही तीन घरांनी ठरवले, की आता वर्षभर अंदाजाने बोलायचे नाही, वहीत लिहायचे.

तिन्ही घरांत डिझेल एसयूव्ही आहे. आणि ती घेण्याचे कारणही तिन्ही घरांत जवळपास एकच : वर्षातून एकदा कुलदैवताला जायचे, पुण्या-नाशिकची लग्ने-मुंजी गाठायची, सामान आणि माणसे एकाच गाडीत मावली पाहिजेत. इंदूरच्या बहुतेक मराठी घरांची हीच गोष्ट आहे. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलो, तरी जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर सुटत नाही.

वर्ष पूर्ण झाले. वह्या समोर ठेवून बसलो तेव्हा ॲव्हरेजचे आकडे तर मिळालेच, पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट कळली. ती गाडी घेताना आम्हाला कोणी सांगितली नव्हती. मंडळातली बरीच कुटुंबे सध्या नवी गाडी घेण्याच्या किंवा जुनी काढण्याच्या विचारात आहेत, म्हणून सगळे इथे सविस्तर मांडत आहोत.

कंपनीचा आकडा कुठून येतो?

जाहिरातीत जो आकडा असतो त्याला आपण 'एआरएआयचे ॲव्हरेज' म्हणतो. एआरएआय ही १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली वाहनसंशोधन संस्था. गाडीची चाचणी रस्त्यावर होत नाही, प्रयोगशाळेत रुळांवर होते. चाके रुळांवर फिरतात, गाडी जागेवरच असते. ठरवून दिलेल्या क्रमाने ती थांबते, सुटते, वेग घेते. हा सगळा खेळ साधारण वीस मिनिटांचा, अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, आणि सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. हवा ना थंड ना गरम. मागे सात माणसे नाहीत, डिकीत फराळाचे डबे नाहीत, वर कॅरिअर नाही.

यात फसवणूक नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असावी म्हणून ही पद्धत आहे. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला. आपल्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज बांधायला मात्र तो उपयोगी नाही.

तुलनेचे एक उदाहरण पाहा. २०२४ साली आलेल्या क्रेटाच्या डिझेल मॅन्युअलचा जाहीर आकडा २१.८, तर त्याच इंजिनाच्या ऑटोमॅटिकचा १९.१. २०२३ च्या सफारीत हेच आकडे १६.३ आणि १४.५. म्हणजे इंजिन तेच असूनही गिअरबॉक्स बदलला, की दोन-अडीच किलोमीटरचा फरक पडतो. आणि पाच आसनांची गाडी सोडून सात आसनांची, जड गाडी घेतली, की पाच किलोमीटरचा. शोरूममध्ये रंग आणि सनरूफ बघण्याआधी हे दोन निर्णय घ्यावेत, कारण ते पुढे दहा वर्षे प्रत्येक टाकीत दिसत राहतात. (आमच्या गाड्या याच आहेत असे कृपया समजू नये.)

जाता जाता सांगण्यासारखे : गाड्यांची परीक्षा बघायला आपल्याला पुण्यालाच जावे लागते असे नाही. आपल्या पिथमपूरला 'नॅट्रॅक्स' ही राष्ट्रीय चाचणी-संस्था आहे, आणि तिथला ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला.

आम्ही मोजले कसे?

पद्धत जुनीच आहे, 'टाकी फुल ते टाकी फुल'. पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत डिझेल भरायचे, त्यावर थेंबभरही टॉपअप नाही. किलोमीटरचा आकडा लिहायचा. गाडी नेहमीसारखी चालवायची. पुन्हा शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने टाकी भरायची. जितके लिटर आता बसले, तितके मधल्या प्रवासात जळले. ६१२ किलोमीटर झाले आणि ४४.२ लिटर बसले, तर भागाकार १३.८. एवढेच गणित.

दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. पहिली, एका टाकीवर निष्कर्ष काढायचा नाही; किमान चार-पाच टाक्यांची बेरीज करून मगच भागाकार. दुसरी, पाचशे रुपयांचे डिझेल टाकून मोजायचे नाही, कारण त्यात चूक फार मोठी होते.

डॅशबोर्डच्या पडद्यावर जे ॲव्हरेज दिसते, त्याबद्दल आमचा अनुभव सांगतो. तिन्ही गाड्यांत पडद्यावरचा आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा अर्ध्या ते दीड किलोमीटरने जास्त निघाला. कमी एकदाही नाही. पार्किंगमधले बरेचसे 'अठरा-वीस' या पडद्यावरून येतात, हे त्या दिवशी लक्षात आले.

वहीत काय निघाले?

पहिली गाडी पाच आसनांची, दीड लिटर इंजिनाची, मॅन्युअल, २०२१ ची. रोज अन्नपूर्णाहून विजयनगर आणि परत, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. शहरात ॲव्हरेज १३.६, लांबच्या प्रवासात १९.२.

दुसरी सात आसनांची, दोन लिटरची ऑटोमॅटिक, २०२० ची. ही सुदामा नगरच्या काका-काकूंची. काका निवृत्त. गाडी भाजी, बँक, देऊळ, दवाखाना एवढीच चालते. शहरात ९.१, लांबच्या प्रवासात १४.३.

तिसरी २०१७ ची, जुन्या धाटणीची उंच सात आसनी, २.२ लिटर, मॅन्युअल. शहरात १०.४, लांबच्या प्रवासात १३.१.

आता यात बघण्यासारखे काय? दुसरी गाडी तिसरीपेक्षा नवी, तंत्र नवे, लांबच्या प्रवासात ती पुढेही आहे. पण शहरात मागे पडली! आधी वाटले ऑटोमॅटिकमुळे. थोडा वाटा तिचा आहेच. पण वहीतल्या तारखा पाहिल्यावर खरे कारण सापडले. काकांची एकही फेरी चार किलोमीटरपेक्षा मोठी नव्हती. डिझेल इंजिन तापायला वेळ लागतो; लोखंड जड, आणि उष्णता वाया कमी जाते म्हणून ते हळूहळू गरम होते. थंड इंजिनात तेल घट्ट असते, घर्षण जास्त असते, आणि गाडी त्या काळात जास्त पिते. काकांची गाडी गरम होण्याआधीच घरी परत येत होती. जानेवारीच्या थंडीत तर त्यांची एक टाकी साडेसातवर गेली.

शहरात ॲव्हरेज खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे उभ्या गाडीतला एसी. शाळेबाहेर, कोचिंगबाहेर, छप्पन दुकानपाशी कोणाची तरी वाट पाहत गाडी चालू ठेवली, की अशा इंजिनाचे तासाला पाऊण ते एक लिटर जाते. रोज वीस मिनिटे धरली तरी महिन्याला आठ-दहा लिटर होतात, आणि किलोमीटर शून्य.

पुण्याचा रस्ता, आणि खलघाट

इंदूर ते पुणे हे जवळपास सहाशे किलोमीटरचे अंतर. महू, मानपूर, खलघाटला नर्मदा, पुढे जुलवानिया, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूरपाशी तापी, मग धुळे, मालेगाव, नाशिक. हा रस्ता आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. ॲव्हरेजच्या दृष्टीनेही तो मजेशीर आहे.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, आणि पुणेही जवळपास तितक्याच उंचीवर. पण मध्ये नर्मदेपाशी आपण सुमारे चारशे मीटर खाली उतरतो. त्यामुळे खलघाटापर्यंत पडद्यावर फार सुंदर आकडे दिसतात. काका त्याचा फोटो काढून मुलीला पाठवत असत. परतीच्या वाटेवर तीच उंची चढावी लागते. दोन टन वजनाची भरलेली गाडी चारशे मीटर वर चढवायला अर्ध्या लिटरहून थोडे जास्त डिझेल लागते. हा भौतिकशास्त्राचा हिशोब आहे, कोणत्याही गाडीला चुकत नाही. म्हणून लांबच्या प्रवासाचे ॲव्हरेज नेहमी जाऊन-येऊन मोजावे.

उतारावर एक गैरसमज अजूनही चालतो : गाडी न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचते. आजच्या इंजिनांत उलटे आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की संगणक डिझेलचा पुरवठा पूर्ण बंद करतो. चाकेच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावेच लागते. शिवाय इंजिनाचा ब्रेक सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मानपूरच्या उतारावर ब्रेक तापलेले ट्रक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तेव्हा तिथे गिअर कमी करून, गिअरमध्येच उतरावे.

वेगाचा परिणाम सर्वांत मोठा निघाला. काकांच्याच गाडीने एकदा भाचा गाडी चालवत असताना ११०-११५ च्या वेगाने पुणे गाठले, तेव्हा १२.४ मिळाले. दिवाळीत तीच गाडी, तीच माणसे, ८५-९० च्या वेगाने, तेव्हा १५.१. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो : ८० वरून ११० वर गेलो, की विरोध जवळजवळ दुप्पट होतो, आणि एसयूव्हीचे तोंड भिंतीसारखे रुंद असते. वेळ किती वाचला? वाटेतले जेवण, चहा, टोल धरून तासाभराच्या आसपास. वर कॅरिअर बांधले की आणखी किलोमीटरभर कमी होतो. म्हणून सामान आत मावत असेल तर आतच ठेवावे, आणि काम झाले की रिकामे कॅरिअर काढून ठेवावे.

डिझेल कमी का लागते?

मुलांनी विचारलेला प्रश्न, म्हणून थोडक्यात. एका लिटर डिझेलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी जास्त ऊर्जा असते. दुसरे, पेट्रोल इंजिनात ठिणगीने जाळ होतो. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात, की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटते. जास्त दाबामुळे त्याच इंधनातून जास्त काम मिळते. शिवाय कमी वेगात जोर भरपूर असल्याने भरलेली गाडी चढावर सारखी गिअर बदलायला लावत नाही. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी. त्यामुळे पेट्रोल गाड्यांचे ॲव्हरेज थोडे उतरले आहे. डिझेलला तो प्रश्न नाही.

मग सगळ्यांनी डिझेलच घ्यावी का? इथेच काकांच्या गाडीची गोष्ट येते.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलमधले गंधक ५० वरून १० पीपीएमवर आले, आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात एक गाळणी आली : डीपीएफ. डिझेलच्या धुरातली काजळी ती अडवते. जुन्या गाडीच्या मागून निघणारा काळा धूर नव्या गाडीतून निघत नाही, तो या गाळणीमुळे. आपल्या फुप्फुसांसाठी ही फार चांगली गोष्ट आहे.

पण गाळणी म्हटली की ती भरणार. ती साफ करण्याची सोय गाडीतच असते. काजळी साठली की संगणक थोडे जास्त डिझेल सोडून धुराचे तापमान सहाशे अंशांपर्यंत नेतो, आणि काजळी जळून जाते. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी तापलेली असावी लागते आणि पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालावी लागते. हायवेवर हे आपोआप होते. चालवणाऱ्याला कळतही नाही.

काकांच्या गाडीला ती पंधरा-वीस मिनिटे मिळतच नव्हती. सुरुवातीला वर्षातून तीन-चारदा पुणे व्हायचे; मग काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि प्रवास थांबला. वर्षभर गाडी सुदामा नगर सोडून गेली नाही. गाळणी साफ होऊ लागायची, तेवढ्यात घर यायचे आणि काका गाडी बंद करायचे. असे पुन:पुन्हा झाले, की दोन गोष्टी होतात. काजळी साठत जाते. आणि जाळण्यासाठी सोडलेले जास्तीचे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते, आणि डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढते. काकांनी ती वाढलेली पाहिली होती. त्यांना वाटले, "बरे आहे, गाडी ऑइल पीत नाही."

मार्चमध्ये पिवळा दिवा लागला. दिवा पिवळा, लाल नव्हे, म्हणून काकांनी दोन आठवडे तसेच काढले. मग एक दिवस काकूंना दवाखान्यात नेताना गाडीची ताकदच गेली. चाळीसच्या वर वेग घेईना. ज्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली, त्यांनी सगळी गाळणीच बदलायला सांगितली. आकडा लाखाच्या वर. काका त्या रात्री जेवले नाहीत, असे काकूंनी आम्हाला सांगितले. दुसऱ्या ठिकाणी दाखवल्यावर यंत्र लावून गाळणी जाळून साफ करता आली, ऑइल-फिल्टर बदलले, आणि अठरा हजारांत भागले. आणखी महिनाभर तशीच चालवली असती तर कदाचित भागले नसते.

गाडी वाईट होती का? नाही. काकांनी निष्काळजीपणा केला का? तसेही नाही, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होते, गाडी आरशासारखी चकचकीत. फक्त, जी गाडी लांब पळण्यासाठी बनवली, ती चार किलोमीटरच्या गल्लीत अडकली.

म्हणून ज्यांच्याकडे बीएस-६ डिझेल आहे आणि रोजच्या फेऱ्या छोट्या आहेत, त्यांनी एवढे करावे :

• आठवड्यातून एकदा, निदान पंधरा दिवसांतून एकदा, गाडी महूपर्यंत नेऊन आणावी. बायपासवर साठ-सत्तरच्या वेगाने, एकसारखी. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन परत या. गाडीला औषध आणि आपल्याला सहल.

• डीपीएफचा दिवा लागला तर गाडी बंद करू नये. त्याच दिवशी अर्धा तास चालवावी. मॅन्युअलमध्ये नेमका वेग दिलेला असतो, तो पाहावा. दिवा चमकू लागला किंवा ताकद कमी झाली, तर थेट वर्कशॉप.

• डिपस्टिकवर ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे गेली तर आनंद मानू नये, ऑइल बदलावे.

• ऑइल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच, कमी राखेचे घालावे. साध्या ऑइलची राख गाळणीत बसते आणि ती जळत नाही.

• काही गॅरेजवाले गाळणी काढून टाकण्याचा सल्ला देतात. तसे करू नये. ते नियमाविरुद्ध आहे, आणि तो धूर मागच्या स्कूटरवरच्या मुलाच्या छातीत जातो.

डीईएफ, पाणी, उंदीर

बऱ्याच बीएस-६ डिझेल गाड्यांत इंधनाच्या झाकणाजवळ, किंवा डिकीत, निळे झाकण असते. ते डीईएफचे : ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू ते निरुपद्रवी करते. गाडीनुसार कमीजास्त, पण हजार किलोमीटरला साधारण लिटरभर लागते. ते पूर्ण संपले तर गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही. धुळ्याच्या पुढे रात्री हे घडू नये, म्हणून निघण्यापूर्वी भरून घ्यावे. ते चुकून डिझेलच्या टाकीत ओतले गेले तर गाडी सुरू न करता उचलून न्यावी. आणि शेतीचा युरिया घरी पाण्यात विरघळवण्याचा उद्योग कोणी करू नये. त्यातली अशुद्धी सगळी यंत्रणा बिघडवते.

डिझेल इंजिनाची खरी नाजूक जागा म्हणजे इंजेक्टर. तिथे डिझेल १६०० ते २००० बार दाबाने, केसाच्या जाडीइतक्या छिद्रांतून फवारले जाते. टायरमधली हवा सव्वादोन बारची असते, त्यावरून कल्पना यावी. पाण्याचा किंवा घाणीचा कण तिथे पोचला की खर्च मोठा. म्हणून चालत्या पंपावरच डिझेल भरावे, फिल्टर वेळेवर बदलावा, आणि पावसाळ्यात पंपाची टाकी नुकतीच भरली जात असेल तर तिथे थांबू नये. टाकी कायम रिकामीच्या जवळ ठेवणेही बरे नाही.

राहिलेल्या गोष्टी सगळ्याच गाड्यांच्या, पण कमी चालणाऱ्या गाडीला जास्त लागू पडणाऱ्या. ऑइल किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षाला बदलावे. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते. बाजूच्या चार अंकांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असते, ते पाहावे. बॅटरी उभ्या गाडीत मरते. आणि बॉनेटखाली उंदीर! आमच्या तिसऱ्या गाडीची वर्षभरातली एकमेव तक्रार ही होती : गणपतीत आठ दिवस गाडी उभी राहिली आणि उंदरांनी वायर कुरतडल्या. बाकी सव्वा लाख किलोमीटर झालेली ती गाडी एकदाही रस्त्यात थांबली नाही. ती चालवणारे आठवड्याला उज्जैन-देवास करतात, हेच बहुधा तिचे आरोग्य.

पैशांचा हिशोब

आता शेवटचा प्रश्न : परवडते का? उदाहरण म्हणून धरू, की त्याच गाडीची डिझेल आवृत्ती पेट्रोलपेक्षा दीड लाखाने महाग आहे. पेट्रोल १०६ रुपये, डिझेल ९२ रुपये लिटर. पेट्रोल गाडी ११ देते, डिझेल १४. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे ९.६४ रुपये आणि डिझेलचे ६.५७ रुपये. फरक सुमारे तीन रुपयांचा. दीड लाख वसूल व्हायला जवळपास ४९ हजार किलोमीटर चालवावे लागतात.

जो वर्षाला अठरा हजार चालवतो, त्याचे पैसे पावणेतीन वर्षांत वसूल. जो सहा हजार चालवतो, त्याचे आठ वर्षांत. काकांची गाडी वर्षाला चोवीसशे किलोमीटर चालली. त्यांचे पैसे वीस वर्षांनी वसूल झाले असते. त्यांची वर्षाची बचत सात हजार रुपये, आणि डीपीएफचे एकच बिल अठरा हजारांचे. म्हणजे अडीच वर्षांची बचत एका दुपारी गेली. शहरातही डिझेल किलोमीटरला स्वस्तच पडते, हे खरे. पण तेवढे किलोमीटर होत नाहीत.

"पण वर्षातून एकदा जेजुरीला जायला मोठी गाडी नको का?" हवी. पण त्या एका प्रवासासाठी सात आसनी गाडी भाड्याने घेतली, किलोमीटरला वीस रुपये धरले आणि पंधराशे किलोमीटर झाले, तर तीस हजार रुपये होतात. उरलेल्या अकरा महिन्यांसाठी दारात दोन टन लोखंड उभे ठेवण्यापेक्षा हा खर्च कमी आहे. हे आम्हाला पटायला वेळ लागला, कारण मोठी गाडी ही नुसती गाडी नसते. गावाकडच्या देवळासमोर ती उभी राहिली की नातेवाइकांच्या नजरेत काहीतरी असते, ते आपल्यालाही आवडते. ते मान्य करूनच हिशोब करावा.

जुनी डिझेल घेणाऱ्यांसाठीही यात एक धडा आहे. "डॉक्टरांची गाडी, फक्त बावीस हजार चाललेली, शहरातल्या शहरात" ही जाहिरात आपल्याला भुलवते. बीएस-६ डिझेलच्या बाबतीत अशा गाडीपेक्षा साठ हजार हायवेवर चाललेली गाडी बरी असू शकते. किती चालली याबरोबर कुठे चालली हे विचारावे, आणि घेण्याआधी यंत्र लावून गाळणीत किती काजळी आहे ते तपासून घ्यावे.

मग कोणी घ्यावी?

ज्यांच्या महिन्याच्या प्रवासात हजार-बाराशे किलोमीटर आहेत आणि त्यातला बराच भाग शहराबाहेरचा आहे, त्यांनी डिझेल खुशाल घ्यावी. त्यांना ती पैसेही वाचवेल आणि वर्षानुवर्षे साथही देईल. ज्यांची गाडी रामबाग ते राजवाडा एवढीच चालते, त्यांनी पेट्रोल घ्यावी, आणि ॲव्हरेज कमी म्हणून हळहळू नये. डिझेल गाडी चालवल्याने झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त बिघडते, हीच ती आम्हाला कोणी न सांगितलेली गोष्ट.

काकांच्या गाडीचे पुढे काय झाले, हे बरेच जण विचारतात. त्यांचा भाचा आठवड्यातून दोनदा कामासाठी भोपाळला जातो. त्याच्याकडे छोटी पेट्रोल गाडी होती. दोन्ही घरांनी बसून किमतीतला फरक ठरवला, आरसी आणि विमा रीतसर नावावर केले, आणि गाड्या बदलल्या. आता काका छोट्या गाडीतून भाजीला जातात; ती अन्नपूर्णेच्या देवळासमोर कुठेही लागते, आणि काकूंना चढायला पायरी उंच पडत नाही. मोठी गाडी भोपाळच्या रस्त्यावर पळते. भाच्याच्या वहीत गेल्या पाच टाक्यांचे ॲव्हरेज १४.६ आहे, आणि पिवळा दिवा पुन्हा लागलेला नाही.

येत्या चंपाषष्ठीला दोन्ही घरे त्याच गाडीतून जेजुरीला जाणार आहेत. मधल्या सीटवर काका-काकू बसतील. वही काकांच्याच हातात असेल, कारण जाऊन-येऊन मोजायचे आहे.

आपल्यापैकी ज्यांना अशी वही सुरू करायची असेल, त्यांनी पुढच्या टाकीपासून करावी. चार टाक्यांनंतर, पुढच्या कार्यक्रमाला, पार्किंगमध्ये भेटूच. तेव्हा "किती देते?" या प्रश्नाला आपल्याकडे खरे उत्तर असेल.